मिहोचं स्पिटफायर: भारतीय हवाई दलाचं जपानमधलं विमान, १/४८ प्रमाणात (बांधणी आणि चर्चा)

कातळकडा (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

यंदाच्या पावसाळ्यात एक मॉडेल हातात घेतलंय आणि त्याचा धागा इथेच चालवणार आहे. विमान सुपरमरीन स्पिटफायर एफआर १४ (१४ हा विमानाचा मार्क, स्क्वाड्रनचा क्रमांक नव्हे), प्रमाण १/४८, किट एअरफिक्सचं. स्पिटफायर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९४० सालची इंग्लंडवरची हवाई लढाई येते. मला बांधायचंय ते १९४६ सालचं, जपानच्या मिहो तळावर उभं असलेलं, रॉयल इंडियन एअर फोर्सच्या ४ नंबर स्क्वाड्रनचं विमान.

आपली लढाऊ विमानं जपानमध्ये तळ ठोकून होती हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी.

२ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात 'मिसुरी' युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या. देशाचा ताबा मुख्यतः अमेरिकनांकडे गेला, पण होन्शू बेटाचं पश्चिम टोक आणि शिकोकू ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेकडे आलं. हिरोशिमाही त्यातच. या फौजेत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत असे चार देश होते. हवाई विभागाचं मुख्यालय इवाकुनीला. ऑस्ट्रेलियाच्या ७६, ७७ आणि ८२ नंबर स्क्वाड्रनकडे मस्टँग, न्यूझीलंडच्या १४ नंबरकडे कोर्सेअर, ब्रिटनच्या ११ आणि १७ नंबरकडे स्पिटफायर १४, आणि आपल्या ४ नंबरकडेही स्पिटफायर १४.

४ नंबर उभं राहिलं १९४२ साली पेशावरला, लायसँडर विमानांवर. पुढे हरिकेन घेऊन ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलं. एप्रिल १९४६ मध्ये 'व्हेंजन्स' या विमानवाहू जहाजातून ते इवाकुनीला पोचलं आणि मे महिन्यात मिहोला गेलं. १९४७ मध्ये परत आलं. एवढाच त्याचा जपानमधला काळ, पण ज्यांच्याशी लढलो त्यांच्याच धावपट्टीवर आपली विमानं उभी राहिली, हे मला विलक्षण वाटतं. हे विमान कपाटात असायलाच हवं, असं खूप दिवस मनात होतं.

किट उघडून सांगाडा जुळवून पाहिलाय, अजून काही चिकटवलेलं नाही. दोन गोष्टींवर जाणकारांचं मत हवंय. एक, मिहोच्या विमानांचा रंग आणि चिन्हं कशी ठरवावीत? दोन, रत्नागिरीच्या हवेत या दिवसांत लॅकर मारावा की नाही?

---

मुळामुठा

वा! विषयच निराळा. वाचनखूण साठवली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

ग्रिफन६५

अभिनंदन, फार चांगला विषय घेतलात. १४ नंबरचं स्पिटफायर मला सगळ्या स्पिटफायरांत देखणं वाटतं, आणि तेवढंच ते बांधताना फसवतं. रंगाचं नंतर बोलू. आधी आकार नीट समजून घ्या.

आधीच्या स्पिटफायरांतल्या मर्लिनऐवजी यात ग्रिफन ६५ इंजिन आहे, दोन हजार अश्वशक्तीच्या वरचं. त्यामुळे नाक लांबलं, आणि सिलिंडरच्या दोन्ही रांगांवर झाकणाला फुगवटे आले. हे फुगवटे घासताना सपाट होतात आणि मग विमान मर्लिनच्या नऊ नंबरच्या स्पिटफायरसारखं दिसू लागतं. जोड घासण्याआधी फुगवट्यांवर मास्किंग टेपचे दोन थर लावा.

पंखा (प्रोपेलर) पाच पात्यांचा, रोटोल कंपनीचा. ग्रिफन मर्लिनच्या उलट दिशेने फिरतं. कॉकपिटमधून पाहिलं तर घड्याळाच्या विरुद्ध. त्यामुळे उड्डाणाच्या वेळी ही विमानं उजवीकडे ओढ घेत, आणि मर्लिनची सवय असलेले वैमानिक पहिल्या दिवशी गोंधळत. मॉडेलमध्ये मुद्दा असा की पात्यांचा पीळ उलटा असतो. दुसऱ्या किटचा किंवा सुटा रेझिनचा पंखा लावणार असाल तर तो मर्लिनचा नाही ना, हे हातात धरून बघा. प्रदर्शनांत ठेवलेल्या चांगल्या चांगल्या मॉडेलांवर मी उलट्या पिळाचा पंखा पाहिलाय.

पंखाखाली दोन्ही बाजूंना सारखे, खोल रेडिएटर. शेपटीचं चाक आत जाणारं, त्याला दोन छोटी दारं. सुकाणू रुंद आणि टोकदार.

एफआर म्हणजे लढाऊ आणि टेहळणी, दोन्ही कामांचं विमान. कॉकपिटच्या मागे तिरका कॅमेरा, त्याच्यासाठी बाजूला गोल काच, आणि मागच्या भागात जादा इंधनाची टाकी. तुमच्या किटमध्ये मागची पाठ खाली उतरलेली आणि वर फुग्यासारखी काच आहे, ते बरोबर. कॅमेऱ्याची काच मात्र शेवटी लावा. आधी लावली तर रंगवताना तिच्या कडेला फट राहते.

---

रंगछटा

कातळकडा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी. कोकणात जुलैमध्ये लॅकर नको. हवेतली वाफ ओल्या थरात अडकते आणि वर पांढुरका धुरकट पापुद्रा येतो. चकचकीत वॉर्निशवर तो लगेच दिसतो, चंदेरी रंगावर तर जास्तच. मारायचाच असेल तर पाऊस उघडलेल्या दुपारी, पातळ थरांत, थिनरमध्ये थोडा रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घालून मारा. नाहीतर टामियाचे अॅक्रिलिक वापरा. तेही दमट हवेत सावकाश वाळतात, म्हणून रंगवलेले भाग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बोटाला कोरडं लागलं म्हणून लगेच मास्किंग टेप लावू नका, टेप काढताना रंग सोबत येतो.

आता कॉकपिट. ब्रिटिश विमानांचा आतला राखाडी-हिरवा रंग. टामियाचा एक्सएफ-७१ हा खरं तर जपानी नौदलाच्या कॉकपिटसाठीचा रंग, पण तो ब्रिटिश रंगाच्या इतका जवळ आहे की बरेच जण तोच वापरतात. तुमच्या विषयाला तो शोभेलही! हम्ब्रोल ७८ मिळाला तर अधिक चांगलं. बसायची जागा हिरवी करू नका. ती धातूची नसून दाबून घट्ट केलेल्या प्लास्टिकची होती, रंग गडद तांबूस तपकिरी. काच मोठी आणि मोकळी असल्याने हा तांबूस ठिपका बाहेरून स्पष्ट दिसतो, कॉकपिट जिवंत करायला तो एकटा पुरतो.

वैमानिकाच्या पट्ट्यांसाठी एचिंगचा (कोरलेल्या धातूच्या बारीक भागांचा) संच घेतलाच पाहिजे असं नाही. टामियाची पिवळी टेप काचेवर लावून नव्या ब्लेडने मिलिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या कापा, फिकट मातकट रंग द्या, आणि चिमट्याने एक सैल वळण देऊन जागेवर सोडा. खांद्यावरच्या पट्ट्या ताठ ठेवल्या की खोट्या वाटतात. रिकाम्या जागेत त्या ढिल्या पडलेल्या असतात.

---

जुनाफौजी

कातळकडा, तुमच्या धाग्याने मन भरून आलं. त्यात मराठी मातीचा एक दुवा आहे, तो जोडतो.

राष्ट्रकुलाच्या फौजेत ब्रिटिश आणि भारतीय मिळून एक डिव्हिजन होती. तिच्यातली भारतीय ब्रिगेड म्हणजे २६८ इन्फंट्री ब्रिगेड, आणि तिचे ब्रिगेडियर होते के. एस. थिमय्या, जे पुढे आपले लष्करप्रमुख झाले. या ब्रिगेडमध्ये तीन पायदळ पलटणी होत्या: पंजाबची, गुरख्यांची, आणि तिसरी १/५ मराठा लाइट इन्फंट्री. म्हणजे तुमचं स्पिटफायर मिहोवरून उडत होतं तेव्हा सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर भागातले जवान त्याच देशात खाली पहाऱ्यावर होते. टोकियोत राजवाड्यावरचा पहारा या फौजेतल्या पलटणी आळीपाळीने देत, त्यात भारतीय पलटणीही होत्या.

हीच १/५ मराठा त्याआधी इटलीत होती. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच पलटणीत. नगर जिल्ह्यातला गडी. तिथून निघालेली पलटण वर्षभरात जपानला.

बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. इटलीच्या लढायांबद्दल तिथे पुष्कळ ऐकलं, जपानबद्दल फार थोडं. तुम्ही या विमानाशेजारी एखादा मराठा शिपाई उभा केलात तर मला मनापासून आनंद होईल.

---

कृष्णाकाठ

विषय आवडला, बांधणीही छान होईल यात शंका नाही. पण एक प्रश्न मनात आला तो मांडतो, राग मानू नका.

१९४६ साली भारत पारतंत्र्यात होता. नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालू होते. जपानच्या मदतीने लढणाऱ्यांवर इथे खटले, आणि त्याच वेळी आपलेच जवान जपानवर अंमल ठेवायला रवाना. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नाविकांनी उठाव केला, हवाई दलातही संप झाले. त्यानंतर दोन महिन्यांत हे स्क्वाड्रन जपानला पोचलं. अशा विमानाचं मॉडेल करताना आपण नेमकं कशाचा गौरव करतो?

---

कातळकडा

कृष्णाकाठ, राग कसला? हाच प्रश्न या विमानाने मला पाडला आणि म्हणूनच मला ते बांधायचंय.

पराक्रमाचं विमान हवं असतं तर याच स्क्वाड्रनचं ब्रह्मदेशातलं हरिकेन घेतलं असतं. मिहोचं स्पिटफायर लढलेलं नाही. त्या काळात जपानवर उडणारी राष्ट्रकुलाची विमानं समुद्रावर टेहळणी करत, कोरियाकडून चोरून येणाऱ्या होड्या आणि तस्करी यांवर नजर ठेवत, आणि संचलनाच्या वेळी रांगेत उडत. टेहळणीचा कॅमेरा म्हणूनच या मॉडेलमध्ये मला महत्त्वाचा वाटतो. पंखाखाली बॉम्ब नाहीत, रॉकेट नाहीत. मी काहीही टांगणार नाही.

आणि आपल्या माणसांची कुचंबणा तुम्ही मांडलीत ती खरी आहे. जुनाफौजी काकांनी थिमय्यांचं नाव घेतलं. त्यांचे थोरले बंधू आझाद हिंद सेनेत होते आणि थिमय्या स्वतः जपानवरच्या ताब्यात ब्रिगेड चालवत होते. एकाच घरातली दोन माणसं. टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात भारतातर्फे बसलेले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल लिहिला, तोही याच काळातला. एका देशाचे लोक इतक्या बाजूंना उभे होते, हे मला या एका विमानामागे दिसतं. मला त्या काळाची वस्तू जशी होती तशी करायची आहे, तिची बाजू घ्यायची नाही.

---

कृष्णाकाठ

उत्तर पटलं. मग एक विनंती: पाटीवर '१९४६' आणि 'रॉयल इंडियन एअर फोर्स' असं पूर्ण लिहा. 'रॉयल' गाळू नका. ते नाव मार्च १९४५ मध्ये लागलं आणि २६ जानेवारी १९५० ला गेलं. नुसतं 'भारतीय हवाई दल' लिहिलं तर बघणाऱ्याला तो सगळा पेच कळणारच नाही.

---

दर्यावर्दी

विमानाचं मला फारसं कळत नाही, जहाजाचं सांगतो. 'व्हेंजन्स' हे कोलोसस वर्गातलं हलकं विमानवाहू जहाज. पन्नाशीच्या दशकात ते काही वर्षं ऑस्ट्रेलियन नौदलाकडे उसनं होतं. मग ब्राझीलने ते विकत घेतलं, त्याचं नाव झालं 'मिनास जेराइस', आणि ब्राझीलच्या नौदलात ते २००१ पर्यंत टिकलं. शेवटी ते तोडायला कुठे आणलं असेल? गुजरातेत, अलंगच्या किनाऱ्यावर. भारतीय स्पिटफायरांना जपानला पोचवणारं जहाज साठ वर्षांच्या आत भारताच्याच वाळूवर मोडलं.

आपलं पहिलं 'विक्रांत' याच्या पुढच्या, मॅजेस्टिक वर्गातलं. दोन्हींचा आराखडा जवळजवळ एकच.

---

मुळामुठा

दर्यावर्दी, ही माहिती अगदीच नवीन. धन्यवाद.

---

ग्रिफन६५

आता रंग आणि चिन्हं. माझं मत ठाम आहे: 'मिहोच्या विमानांचा रंग' असं काही शोधायला जाऊ नका. एक विमान निवडा, त्याचा एक स्पष्ट फोटो निवडा, आणि त्या फोटोत दिसतं तेवढंच रंगवा. युद्ध संपल्यावरच्या दोन वर्षांत ब्रिटिश विमानांचे रंग आणि चिन्हं बदलत होती. एकाच तळावर एक विमान जुन्या रंगात आणि शेजारचं नव्या रंगात, असं त्या काळात सर्रास असे. त्यामुळे दुसऱ्या विमानाचं ज्ञान तुमच्या विमानाला लावता येत नाही.

आग्नेय आशियात दोन तऱ्हा होत्या. एक, वरून गडद हिरवा आणि गडद मातकट, खालून मध्यम राखाडी. दोन, सगळं चंदेरी. फोटो काळापांढरा असला तरी हे ओळखता येतं. पंखाच्या मुळाशी दोन छटांची वळणदार सीमा दिसते का बघा. सावलीची कड सरळ किंवा आकाराला धरून जाते, रंगाची कड मनमानी वळते.

चंदेरी असेल तर आणखी एक गोष्ट. हा उघडा पत्रा नव्हे, चंदेरी रंग आहे. अमेरिकन मस्टँगसारखी लकाकी त्याला नको. काळा चकचकीत थर देऊन वर आरशासारखा धातूचा रंग मारला की विमान खेळणं वाटतं. टामियाचा एक्सएफ-१६ पातळ करून करड्या प्रायमरवर मारलात तर योग्य तो मंदपणा येतो.

आता गोल चिन्ह. जपानशी लढताना आग्नेय आशियातल्या विमानांच्या चिन्हातून लाल ठिपका काढून टाकला होता, कारण लांबून तो जपानी सूर्याचा वाटे आणि आपलाच माणूस गोळी घाली. गडद निळं कडं आणि मध्ये फिकट निळा, असं लहान चिन्ह आलं. युद्ध संपल्यावर लाल परत येऊ लागला. तुमच्या फोटोत मधला ठिपका कडेपेक्षा फिकट आहे की गडद, यावरून निकाल लागेल. फिकट असेल तर युद्धकाळातलं चिन्ह. पण फिल्म कुठली हेही बघा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल आणि पिवळा काळपट येतात आणि निळा फिकट. पंख्याच्या पात्यांची पिवळी टोकं फोटोत काळी दिसत असतील तर फिल्म ऑर्थो आहे असं धरा आणि त्या हिशेबाने चिन्ह वाचा.

आणि अशोकचक्र कृपा करून लावू नका. ते स्वातंत्र्यानंतरचं. जपानमधल्या स्पिटफायरवर चक्र असलेली मॉडेलं मी पाहिली आहेत, त्यात सगळी मेहनत वाया जाते.

---

रंगछटा

ग्रिफन६५ यांच्याशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के असहमती अशी की एकाच फोटोवर सगळा भार टाकला तर फोटोत न दिसणारी बाजू कशी रंगवायची? डावी बाजू दिसते, उजवी नाही. वरचा पंख दिसतो, खालचा नाही. तिथे त्याच महिन्यांतल्या, त्याच तळावरच्या दुसऱ्या विमानाची मदत घ्यावीच लागते. फक्त दिसलं काय आणि अंदाज काय, हे वहीत वेगळं लिहून ठेवावं.

---

ग्रिफन६५

हे मान्य. वही ठेवायची सूचना तर उत्तमच.

---

हिरोशिमास्थ

नमस्कार. मी नोकरीनिमित्त हिरोशिमा भागात राहतो. मिहोला जाऊन आलोय, म्हणून मॉडेलखालच्या तळपट्टीसाठी उपयोगी पडेल ते लिहितो.

मिहो म्हणजे आजचा योनागो विमानतळ. प्रवासी विमानं आणि जपानी हवाई दलाचा तळ, दोन्ही एकाच धावपट्टीवर. मुळात तो जपानी नौदलाचा तळ होता. जागा मोठी सुंदर आहे. युमिगाहामा नावाची लांबच लांब वाळूची जीभ आहे, एका बाजूला मिहोचा उपसागर आणि दुसऱ्या बाजूला नाकाउमी सरोवर. आग्नेयेला दाइसेन पर्वत, १७२९ मीटर उंच. इथल्या बाजूने बघितलं तर निमुळता, पलीकडून मात्र कडे तुटलेले.

जमीन वाळूची आहे, म्हणून तळपट्टीवर लाल माती घालू नका. आपल्याकडचे बरेच जण सवयीने तांबडी धूळ उडवतात. इथली वाळू फिकट, पिवळसर करडी. काँक्रीटच्या सांध्यांत ती साचलेली दाखवा, सांध्यांवर काळ्या पाइनच्या सुक्या काड्या. किनाऱ्याने पाइनची झाडी आहे.

आणि हिवाळा! जपानचा हा किनारा सैबेरियाकडून येणारे वारे झेलतो. बर्फ भरपूर पडतो आणि तो ओला, जड असतो. पंजाब किंवा कोकणातून आलेल्या माणसाने तो कसा काढला असेल, असं मला तिथे उभं राहून वाटलं. मॉडेल हिवाळ्यातलं केलं तर पंखावर बर्फ आणि शेजारी ग्रेटकोट घातलेला मेकॅनिक, असं दृश्य होईल.

---

जुनाफौजी

हिरोशिमास्थ, शेवटच्या ओळी वाचून थांबलो. आमच्या गावचे एक आजोबा 'जपानातलं बर्फ' असं काहीतरी सांगायचे, लहानपणी आम्हाला ते खरं वाटायचं नाही. ते याच पलटणीत होते का, हे आता विचारायला कोणी उरलेलं नाही.

ग्रेटकोट खाकी, गुडघ्याखालपर्यंत. हवाई दलाचा असेल तर निळसर करडा. तेवढा फरक ठेवा.

---

तेरेखोल

मी नवशिक्या आहे, प्रश्न साधा वाटल्यास क्षमा. १/४८ ऐवजी १/७२ घेतलं तर चालेल का? जागा आणि पैसे दोन्ही कमी लागतात. आणि तोफांच्या नळ्या कशा करतात?

---

ग्रिफन६५

तेरेखोल, प्रश्न अगदी योग्य आहे. १/७२ मध्ये अॅकॅडमी, फुजिमी आणि सोर्ड यांची १४ नंबरची किटं निघाली आहेत. हे विमान पूर्ण पंखांसह ११.२३ मीटर रुंद, म्हणजे १/७२ मध्ये साडेपंधरा सेंटिमीटर आणि १/४८ मध्ये साडेतेवीसच्या जवळ. पहिलं मॉडेल असेल तर १/७२ घ्या. १/४८ मध्येच हवं असेल तर कातळकडांनी घेतलेलं एअरफिक्स घ्या. अॅकॅडमीचं १/४८ स्वस्त पडतं, पण त्याचं धड जाड आहे आणि ते दुरुस्त करणं नवशिक्याचं काम नाही. एअरफिक्सच्या पॅनेलच्या रेषा मला जरा रुंद वाटतात, प्रायमरचा एक जास्तीचा थर दिला की त्या मऊ होतात.

नळ्यांसाठी औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची सुई. २२ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास ०.७ मिलिमीटरच्या किंचित वर असतो, १/४८ मधल्या हिस्पानो तोफेला तो शोभतो. सुई कात्रीने कापायची नाही, दाबली जाते. बारीक कानशीवर फिरवत खाच पाडा आणि मग पकडीने मोडा. डोळ्यांवर चष्मा हवा, तुकडा उडतो. 'ई' प्रकारच्या पंखात २० मिलिमीटरची तोफ बाहेरच्या खणात आणि अर्ध्या इंचाची ब्राउनिंग आतल्या खणात असते. ब्राउनिंगची नळी जेमतेम डोकावते.

पंखाची टोकंही सांगून टाकतो. बऱ्याच एफआर १४ ची टोकं छाटलेली असत. प्रत्येक बाजूला दोन फुटांच्या थोडं वर, म्हणजे १/४८ मध्ये तेरा मिलिमीटर. ज्या किटमध्ये टोकं सुटी नसतील तिथे पॅनेलच्या रेषेवर कापा, आणि कापलेली कड चौकोनी न ठेवता किंचित गोल करा. पण छाटायचं की नाही, हे पुन्हा तुमच्या फोटोवर.

---

मुळामुठा

दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात जा. तिथे १८ नंबरचं स्पिटफायर ठेवलेलं आहे. १४ चंच पुढचं रूप, आतून पंखाचा कणा आणि चाकांचे पाय मजबूत केलेले. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखी, त्यामुळे नाकाचे फुगवटे, पाच पाती, रेडिएटर, सगळं अर्ध्या फुटावरून बघायला मिळतं. एक्झॉस्टच्या नळकांड्यांची तोंडं कशी चपटी आहेत ते नक्की बघा. मॉडेलमध्ये ती पिनने कोरून पोकळ केली की नाकाला एकदम उठाव येतो.

---

रंगछटा

चिन्हांचं राहिलं. आग्नेय आशियाच्या दोन निळ्या रंगांचं चिन्ह किटमध्ये मिळालं नाही तर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) विकत घेण्याआधी रंगवून बघा. दोनच गोल आहेत. वर्तुळ कापायचं कंपास-कटर आणि मास्किंग शीट पुरते. आधी फिकट निळ्याची पूर्ण चकती, वाळल्यावर मधला गोल झाकायचा आणि बाहेर गडद निळा. घरच्या प्रिंटरवर डेकल छापायचं म्हटलं तर प्रिंटर पांढरा छापत नाही, त्यामुळे फिकट निळा खालच्या रंगात मिसळून मळकट होतो. रंगवलेलं चिन्ह पत्र्यावर बसलेलं दिसतं, डेकलच्या फिल्मची कडही राहत नाही.

अक्षरं आणि क्रमांक मात्र डेकलचेच. मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रावण) लावल्यावर ती सुरकुततात, घाबरून हात लावू नका. आपोआप सरळ होतात.

---

दर्यावर्दी

एक शंका. शेवटी त्या विमानांचं काय झालं?

---

ग्रिफन६५

ब्रिटनची ११ आणि १७ नंबर ही दोन्ही स्क्वाड्रन्स फेब्रुवारी १९४८ मध्ये जपानमध्येच बरखास्त झाली. न्यूझीलंडने तर त्याच वर्षी आपली कोर्सेअर जपानमध्ये रचून जाळून टाकली, परत नेण्याचा खर्चही नको होता. ऑस्ट्रेलियाचं ७७ नंबर तिथेच राहिलं आणि १९५० मध्ये थेट कोरियाच्या युद्धात उतरलं. आपलं ४ नंबर परत येऊन टेंपेस्टवर गेलं आणि आजही आहे. २०२३ पर्यंत ते उत्तरलाईला मिग-२१ बायसन उडवत होतं, आता सुखोई-३०.

---

कातळकडा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरलेलं लिहितो.

माझ्याकडच्या प्रिंटमध्ये पंखाच्या मुळाशी वळणदार कड दिसते, म्हणजे दोन रंगांचं विमान. पात्यांची टोकं फिकट आहेत, म्हणजे फिल्म ऑर्थो नाही. मधला ठिपका कडेपेक्षा फिकट. तेव्हा हिरवा-मातकट-राखाडी आणि दोन निळ्यांचं चिन्ह, तेही रंगवूनच. टोक छाटलेलं आहे. उजवी बाजू फोटोत नाही, ती रंगछटा ताईंच्या सांगण्याप्रमाणे वहीत 'अंदाज' म्हणून नोंदवली.

तळपट्टी हिवाळ्यातली. हिरोशिमास्थ, बर्फ ओला आणि जड हवा म्हणालात, म्हणून बेकिंग सोडा वापरणार नाही. तो कोरडा दिसतो आणि आपल्याकडे दमट हवेत पिवळा पडतो. काचेची बारीक भुकटी आणि पांढरा अॅक्रिलिक जेल यांचं मिश्रण करून बघतो. शेजारी दोन माणसं: निळसर करड्या ग्रेटकोटमधला मेकॅनिक, आणि काकांसाठी खाकी ग्रेटकोटमधला मराठा शिपाई. पाटीवर पूर्ण नाव, 'रॉयल'सह.

पंख्याची पाती आज रंगवायला घेतो. पिवळी टोकं किती ठेवू?

---

ग्रिफन६५

खऱ्या पात्यावर चार इंच, म्हणजे तुमच्या प्रमाणात दोन मिलिमीटर. आधी टोकाला पांढरा, मग पिवळा, मग टेप, मग काळा. पिवळा थेट काळ्यावर मारलात तर हिरवट दिसेल.